पोस्टपेड बिलातील न मागितलेली मासिक आकारणी: एका मोबाइल कंपनीच्या तक्रार निवारण सेवेचे परीक्षण

माझ्या सासूबाईंकडे बऱ्याच वर्षांपासून एका मोठ्या मोबाइल कंपनीचे पोस्टपेड कनेक्शन आहे. 399 रुपयांचा प्लॅन आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून त्यांचे बिल दरमहा 470 रुपये 82 पैसे येत असे. संक्रांतीच्या सुमारास त्यांचे बँकेचे व्यवहार पाहताना बिलापोटी 528 रुपये 64 पैसे वजा झालेले दिसले, म्हणून मागची बिले काढली, तेव्हा गणपतीच्या महिन्यापासून हीच वाढीव रक्कम जात असल्याचे लक्षात आले. बिलाच्या पहिल्या पानावर केवळ एकूण रक्कम असते. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, ‘मूल्यवर्धित सेवा’ या शीर्षकाखाली एका कॉलर ट्यूनचे 49 रुपये लावलेले होते आणि त्यावर कर वेगळा. बिल ऑटो-पेवर असल्यामुळे पैसे आपोआप कापले जात होते. ऑटो-पेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी संदेश येतो आणि तो येतही होता; परंतु त्यात एकूण रकमेचाच उल्लेख असल्याने ती का वाढली हे त्यावरून कळण्याचा मार्ग नव्हता.

या सेवा सुरू कशा होतात हे पाहिले म्हणजे वयस्कर ग्राहकच त्यांत अधिक का सापडतात ते उमगते. दुसऱ्याला फोन लावला असता त्याची ट्यून ऐकू येते आणि ‘ही ट्यून आपल्या फोनवर घेण्यासाठी स्टार दाबा’ असे सांगितले जाते. कधी फोन हातात घेतल्याबरोबर पडद्यावर एक चौकट उमटते. ती घालवण्यासाठी माणूस सवयीने ‘ओके’ दाबतो. हे टाळण्यासाठीच दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जुलै 2013 मध्ये कंपन्यांना निर्देश दिले आहेत. त्यानुसार अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक आहे आणि सेवा बंद करण्यासाठी 155223 हा निःशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहे.

या क्रमांकाबद्दल मी मनापासून चांगलेच लिहीन. सासूबाईंच्या फोनवरून तो लावला, चालू असलेल्या सेवेचे नाव ऐकू आले, ती बंद करण्याचा पर्याय निवडला आणि काही वेळातच बंद झाल्याचा संदेश आला. कोणाशी वाद घालावा लागला नाही की कारण सांगावे लागले नाही. इतकी उपयुक्त सोय असूनही तिचा क्रमांक बिलावर ठळकपणे का छापला जात नाही, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

कंपनीची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. ग्राहक सेवा केंद्रातील प्रतिनिधी अतिशय नम्रपणे बोलत होते; पण ‘मॅडम, सेवा आता बंद झाली आहे, काळजी करू नका’ यापलीकडे त्यांच्याकडे उत्तर नव्हते. कापलेल्या पैशांचा विषय काढल्यावर ‘आपल्याच क्रमांकावरून ती सुरू झाली आहे’ असे सांगण्यात आले आणि सदिच्छा म्हणून एका महिन्याची रक्कम पुढील बिलात वळती करण्याची तयारी दाखवण्यात आली. मी ती नाकारली. पैसे चुकीने घेतले असतील तर ते सगळेच परत मिळायला हवेत. ते चुकीने घेतलेले नसतील, तर दोन्ही वेळची संमती कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने मिळाली याची नोंद कंपनीने दाखवावी, एवढीच माझी लेखी मागणी होती. तक्रार क्रमांक मिळाला, काही दिवसांनी तक्रार ‘निकाली काढली’ असा संदेशही आला, परंतु नोंद काही मिळाली नाही.

अशा वेळी बहुतेक जण कंटाळून गप्प बसतात. वास्तविक, 2012 च्या तक्रार निवारण नियमावलीनुसार प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण नेमावे लागते. तक्रारीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास 30 दिवसांच्या आत तेथे अपील करता येते, त्यासाठी शुल्क लागत नाही आणि 39 दिवसांत त्यावर निर्णय देणे अपेक्षित असते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे केवळ तिकडे पत्र पाठवून थांबू नये. आम्ही सर्व बिलांची दुसरी पाने जोडून आणि तक्रार क्रमांक नमूद करून ई-मेलने अपील केले. मुदतीत निर्णय आला आणि गणपतीपासूनची संपूर्ण रक्कम करासह पुढील बिलात वळती झाली. संमतीच्या नोंदीबद्दल मात्र त्या पत्रात एक अक्षरही नव्हते. पैसे परत करणे आणि ते का घेतले याचा खुलासा करणे या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत. कंपनीने त्यांतील एकच पार पाडली.

अपिलातही दाद मिळाली नसती तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे किंवा थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची आमची तयारी होती. दूरसंचार कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

या कंपनीचे नेटवर्क आमच्या भागात उत्तम आहे, म्हणून कनेक्शन तूर्त तेथेच ठेवले आहे. पोर्ट करण्याचा, म्हणजे क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, विचार असणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पोस्टपेडची थकबाकी असल्यास पोर्टिंगची विनंती फेटाळली जाते, त्यामुळे वादातील रकमेचा निकाल आधी लावून घ्यावा. सेवा बंद करण्याच्या सोयीला मी पाचपैकी साडेचार तारे देते, अपील प्राधिकरणाला तीन आणि ग्राहक सेवा केंद्राला एक. संमतीची नोंद मागणारे माझे स्मरणपत्र कंपनीकडे अद्याप अनुत्तरित आहे. ती नोंद मिळाली तर हे गुण मी बदलेन.