पद्मिनीला रुंद टायर : दहा महिने, साडेसात हजार किलोमीटर

मनसरहून रामटेककडे वळलो आणि मागे बसलेली काकू म्हणाली, "काही करपतंय का गं?"

करपत होता माझा टायर. नवाकोरा, अकरा दिवसांचा. गाडी कडेला घेऊन डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसले. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग आणि भिंत मिळते त्या कडेवर, बोटभर रुंदीचा पट्टा घासून गुळगुळीत झाला होता आणि मडगार्डच्या आतल्या कडेला रबराच्या बारीक सुरळ्या चिकटल्या होत्या. एक नखाने काढली, तर अजून गरम होती. आई, काका, काकूला एसटीत बसवून दिलं आणि रिकामी गाडी चाळीसच्या वर न नेता नागपूरला परत आणली.

गाडी १९८६ची प्रीमियर पद्मिनी, बाबांची. तिचं मूळ माप ५.२०-१४, म्हणजे पातळ, उंच, क्रॉसप्लाय (आतले धागे एकमेकांवर तिरके असलेले जुन्या पद्धतीचे) टायर. हे माप आता दुकानात सहज मिळत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यात पावसात वर्धा रोडच्या सिमेंटवर जोरात ब्रेक लावला की मागची बाजू सरकायची. म्हणून रेडियल (आतले धागे आडवे असलेले आजच्या पद्धतीचे) टायर हवे होते, आणि थोडे रुंद हवे होते. दुकानदाराने १८५/६५ आर १४ टायर (१८५ मिमी रुंद, १४ इंची रिमेचे) आणि सहा इंच रुंद अलॉय रिमा सुचवल्या. चाक आत पाट्यांना (पट्ट्यांच्या स्प्रिंगना) लागू नये म्हणून ते बाहेर सरकवणारी १० मिमीची चकती, म्हणजे स्पेसरही घातला. दुकानासमोर गाडी सुरेख दिसत होती. घासण्याचं विचारलं, तर म्हणाला, "बघा ना, कुठं लागतंय?" उभ्या, रिकाम्या गाडीत खरंच कुठेच लागत नव्हतं.

रामटेकहून परतल्यावर आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी चाकाला हातही लावला नाही. "ताई, आधी मोजा. चाक रुंद घेतलं त जागा कुठून आनसान?" शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला, जुनं चाक परत चढवलं, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घेतलं. उजवीकडे ३६ मिमी, डावीकडे फक्त २७. जुन्या पाट्यांच्या गाडीत मागचा अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) बॉडीच्या बरोबर मध्ये असतोच असं नाही. पाटे अ‍ॅक्सलवरच बांधलेले असल्याने टायर ते पाटा हे अंतर दोन्हीकडे सारखंच भरलं, ४५ मिमी. फरक पडतो तो बाहेर. दोन्ही बाजू मोजा, आणि जी अरुंद निघेल तिच्यावरच हिशेब करा.

आता हिशेब. जुना टायर १३२ मिमी रुंद. सहा इंची रिमवर चढवलेला १८५ मोजला, तर १९२ भरला. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी फुगतो, त्यामुळे भिंतीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. ६० मिमीची वाढ, म्हणजे ३० आत, ३० बाहेर, वर स्पेसरचे १० बाहेर. चाळीस मिमी बाहेर, आणि डावीकडे जागा २७! टायर कडेच्या १३ मिमी बाहेर आला होता. मागे तिघं बसले, खड्डा आला, की कडा थेट खांद्यावर उतरायची.

स्पेसर निघाला, अलॉय विकले. बरंच नुकसान झालं, पण ते डोळे मिटून सोसलं. नंतर घेतल्या पाच इंची रिमा आणि १६५/८० आर १४. हे माप स्विफ्ट-डिझायरच्या साध्या मॉडेलांना लागतं, त्यामुळे नागपुरात कुठेही मिळतं. पाच इंचांवर रुंदी १७० भरली. वाढ ३८, म्हणजे दोन्हीकडे १९. रिमेचा ऑफसेट (रिम आत-बाहेर किती बसते ते माप) असा निवडला, की चाक आणखी ५ मिमी आत जाईल. बाहेर १४ गेले, डावीकडे १३ उरले. आत २४ गेले, पाट्यापाशी २१ उरले. रिम घेताना जुनं चाकच सोबत नेलं. चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर हाच पीसीडी. ९८ आणि १०० मधला दोन मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण नट आवळताना चाक मध्यावर बसत नाही. "चालून जाते" म्हणणाऱ्याकडून रिम घेऊ नका.

एवढ्याने काम संपलं नाही. मागचे पाटे दबून सपाट झाले होते, ते कमानवाल्याकडून (पाटे दुरुस्त करणाऱ्याकडून) पुन्हा बाक देऊन घेतले. मला वाटतं, पैसा आधी इथे घालावा, टायर नंतर. मग मडगार्डची आतली कडा डेंटरने हीटगनने रंग ऊन करत हळूहळू आत वळवली. थंड पत्र्यावर हातोडी चालवली तर रंग तडकतो आणि पहिल्याच पावसात तिथे गंज धरतो. वळवलेल्या घडीत सीलंट भरून घेतलं, नाहीतर पाणी आतच राहतं.

तपासणी खडूने केली. मागे तीन माणसं, डिकीत गव्हाचे दोन कट्टे, टायरच्या खांद्यावर चारी बाजूंनी पांढऱ्या रेघा. मग एक पुढचं चाक आणि तिरकस समोरचं मागचं चाक ओट्यावर चढवून गाडी मुद्दाम वाकडी केली, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं. उतरून पाहिलं, तर मागच्या रेघा शाबूत होत्या. पुढे डावीकडे पूर्ण वळणावर आतल्या पत्र्याने खडू पुसला होता. तिथे स्टिअरिंगचा स्टॉपर किंचित पुढे घेतला. यू-टर्नला आता थोडी जास्त जागा लागते.

दहा महिन्यांत मे महिना आला, पाऊसही आला. सकाळी थंड टायरमध्ये पुढे २८, मागे ३० पीएसआय हवा ठेवते. पावसात ब्रेकवर मागची बाजू सरकणं जवळपास थांबलं, आणि माझ्यासाठी सगळा खर्च त्यातच वसूल झाला. टायरची भिंत उंच असल्याने सिमेंट रोडच्या सांध्यांची टकटक कमी बसते, अलॉयवर ती पार दातांपर्यंत यायची. जड झालंय ते स्टिअरिंग. सीताबर्डीत जागच्या जागी गाडी लावताना खांदे भरून येतात. लिटरमागे एक किलोमीटर कमी मिळतो. टायर जुन्यापेक्षा किंचित उंच, त्यामुळे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी एकसष्टच्या आसपास असते.

टायर घेताना भिंतीवरचे शेवटचे चार अंक पाहा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मला आधी साडेतीन वर्षांचा जुना माल दाखवला होता, तो परत केला. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. माझा एक नट पाव फेरा फिरला होता.

स्टेपनीचं मात्र अजून जमलेलं नाही. नवं चाक डिकीतल्या जागेत नीट बसत नाही, म्हणून तिथे जुनं ५.२० चं चाकच आहे. एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय धोक्याचं, त्यामुळे ते फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, तेही तीसच्या वेगाने.