डिजिटल क्लोरीन मीटर: काही महिने वापरल्यावर (आणि एका पांढऱ्या खुणेवरून झालेलं भांडण)

मीटरला चार तारे, कुपीला एकही नाही. हे परीक्षण पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. आता कंपनीच्या सेवा केंद्राचं शेवटचं उत्तर वाचून लिहायला बसलोय, त्यामुळे सूर जरा चढा वाटला तर समजून घ्या.

डीपीडीची (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणाऱ्या रसायनाची) पावडर, दहा मिलिलिटरची काचेची कुपी, आधी नुसत्या पाण्यावर मीटर शून्य करायचं, मग पुडी फोडायची, मग आकडा वाचायचा. हे इथे वाचणाऱ्यांना ठाऊक असणार, म्हणून त्यात शिरत नाही. आमची नळाच्या पाण्याची योजना लहान आहे. एक बोअर, एक उंच टाकी, एक मुख्य लाइन, आणि तिच्या टोकाला ती शेवटची घरं. क्लोरीन तिथवर पोचतं की वाटेतच संपतं यावर सगळे वाद. पगारी केमिस्ट वगैरे कोणी नाही. समितीतले आम्ही चौघं-पाच जण आळीपाळीने तपासतो आणि पंप बघणारे काका वही लिहितात.

आधी आमच्याकडे रंग जुळवायची पेटी होती. ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं, तो पिवळा पट्टीशी ताडून पाहायचा. संध्याकाळच्या उजेडात तो एकाला ०.२ वाटे, दुसऱ्याला ०.५. नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त (कशाशी न बांधलेलं, जंतू मारायला मोकळं) क्लोरीन असावं, आणि डोस दिल्यावर अर्धा तास थांबून ०.५ उरावं (तेही पाण्याचा पीएच आठच्या आत असेल तर), असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आमचा वाद नेमका जिथे डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही तिथेच चालायचा. शिवाय ते थेंब मुक्त क्लोरीन आणि अमोनियाशी बांधलं गेलेलं क्लोरीन यांत धड फरक करत नाहीत, आणि ते रसायन अंगाला लागलेलंही बरं नाही. पॅलिन या रसायनतज्ज्ञाची डीपीडी पद्धत १९५७ पासून आहे. इतकी वर्षं आपण पिवळा रंग बघत का बसलो, हा प्रश्न मी समितीत विचारला, तेव्हा उत्तर आलं, ‘पेटी अजून चांगली आहे की!’ काटकसर आमच्यात मुरलेली आहे. माझ्यातही.

मीटर आल्यावर पहिला फायदा झाला तो वाद मिटण्याचा. ०.१४ म्हणजे ०.१४. टाकीशी ०.६० आणि टोकाशी ०.१४ असं दिसलं, की मधल्या लाइनमध्ये काहीतरी क्लोरीन खातंय हे सांगायला कोणी शहाणा लागत नाही. वॉशआउटचा व्हॉल्व्ह उघडून शेवटचा तुकडा धुतला, दुसऱ्या दिवशी टोकाचा आकडा वर आला. पेटीच्या काळात हे आम्हाला कधी दिसलंच नसतं.

दुसरा फायदा माझ्या लेखी सगळ्यात मोठा, आणि जाहिरातीत त्याला अर्धी ओळही दिलेली नाही. हे मीटर मागची मोजमापं वेळेसकट साठवून ठेवतं. याचं मोल कळायचं असेल तर कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातलं वॉकर्टन आठवा. जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये जोरदार पावसाबरोबर शेतातलं शेण एका उथळ विहिरीत उतरलं, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा घातक प्रकार नळातून घरोघर गेला, सात माणसं दगावली आणि दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत निघालं की क्लोरीन रोज मोजायचं ते मोजलंच जात नव्हतं. वहीत मात्र रोजच्या रोज ०.५ नाहीतर ०.७५ असे सुबक आकडे भरलेले. खरं पाणी इतकं आज्ञाधारक नसतं. आमच्या जुन्या वह्या मी मुद्दाम काढून पाहिल्या. त्यांत काय दिसलं ते इथे लिहीत नाही, पण तेव्हापासून महिन्याच्या शेवटी मीटरमधली यादी आणि वही समोरासमोर ठेवतो.

आता मुख्य तक्रार. कुपीच्या काचेवर एक छोटा पांढरा त्रिकोण छापलेला असतो. तो मीटरवरच्या खुणेसमोर आणून कुपी बसवायची. नवशिक्याला हा त्रिकोण शोभेचा वाटतो. तसा तो नाही. मीटरमधला प्रकाश कुपीच्या आरपार आडवा जातो, आणि काच सगळीकडून एकसारखी जाड कधीच नसते. शून्य करताना जी बाजू समोर होती तीच वाचतानाही समोर असली, तर काचेचा दोष वजा होऊन जातो. नसली, तर काचेचा दोष क्लोरीन म्हणून आकड्यात मिसळतो.

आणि हा त्रिकोण पुसला जातो. कशाने? माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे दर वेळी कुपी बाहेरून मऊ फडक्याने पुसल्याने. ती पुसावीच लागते. बोटांचे ठसे, पाण्याचे थेंब, गार पाण्यामुळे काचेवर धरलेलं दव, सगळ्याने आकडा वर जातो. थोडक्यात, सूचना पाळणाऱ्याची खूण आधी जाते आणि न पाळणाऱ्याची टिकते. हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात कधी नळाखाली उभं राहून पाणी तपासलं नसावं.

फरक किती पडतो म्हणाल, तर मी करून पाहिलं. एकच पाणी, एकच कुपी, पुडी टाकलेली, सगळं एका मिनिटाच्या आत. खूण समोर धरून ०.२१. पाव फेरा फिरवून ०.१७. अर्धा फेरा फिरवून ०.२४. टाकीशी ०.६० असताना अशा फरकाकडे कोणी ढुंकून बघणार नाही. पण लाइनच्या टोकाशी ०.१७ म्हणजे डोस वाढवा आणि ०.२१ म्हणजे राहू द्या. आमचे सगळे निर्णय याच चिंचोळ्या पट्टीत होतात. शंभराव्या हिश्श्यापर्यंत आकडा दाखवणारं मीटर विकायचं आणि तो आकडा ज्यावर उभा आहे ती खूण फडक्याने जाईल अशा शाईत छापायची!

दहा मिलिलिटरची रेषाही पुसली गेली आहे, पण तिचं मला तितकं दुःख नाही. पावडर गरजेपेक्षा जास्तच असते, पाणी जरा कमी घेतल्याने लिटरमागचं क्लोरीन बदलत नाही, आणि प्रकाश आडवा जात असल्यामुळे पाण्याच्या उंचीशी त्याचं देणंघेणं नाही. प्रकाशाच्या वाटेवर पाणी पुरेसं असलं की झालं. त्रिकोणाचं तसं नाही. त्रिकोण गेला की कुपी गेली.

सेवा केंद्राचं पहिलं उत्तर: कुपी हा वापरात झिजणारा भाग आहे, हमीत बसत नाही. मान्य. मग विकत द्या. तर, सुटी कुपी मिळत नाही; पूर्ण जोडसंच घ्या, त्यात कुप्या, झाकणं, ब्रश, पेटी आणि रसायनाच्या पुड्या येतात. पुड्यांची मुदत किती उरली आहे विचारलं, त्यावर उत्तर नाही. मी चिकाटीने पुन्हा लिहिलं की मला ब्रश नको, पेटी नको, खूण हवी. शेवटी आलेलं उत्तर असं: ‘कृपया कुपी हळुवार हाताळावी.’ हळुवार! काचेची आहे ते दिसतंय मला.

उपाय सांगतो, मग पुढे जातो. मार्करने काढलेली खूण दोन वेळा पुसली की जाते. झाकणावर खूण करून उपयोग नाही, झाकण दर वेळी वेगळ्या जागी आवळलं जातं. काचेला ओरखडा तर चुकूनही काढू नका, त्याच्यावर प्रकाश विखुरतो. कुपीच्या मानेशी, प्रकाशाच्या वाटेच्या बरंच वर, नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावलाय. तो अजून टिकून आहे. कंपनीने याचं स्वामित्व घ्यायला हरकत नाही.

मध्यंतरी माझं मत मीटरबद्दलही फिरलं होतं, आणि मग परत फिरलं. टाकी धुऊन जोरदार क्लोरीन मारून ठेवली होती. पाणी सोडण्याआधी तपासलं तर मीटर म्हणतं ०.०४. हायपो (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण) जुना म्हणावा तर तसं नव्हतं. उन्हात आणि उष्णतेत तो उतरतो हे माहीत असल्याने आम्ही ताजाच आणला होता. पुन्हा तपासलं, तरी तेच. मनातल्या मनात मी दोन तारे तिथेच कापले. डोस वाढवा, असा सूर निघायला लागला. तेवढ्यात पंप बघणारे काका म्हणाले, ‘अहो, पुडी टाकली तेव्हा क्षणभर गुलाबी झालं होतं. मग रंग उडाला.’

तिथे गाठ सुटली. क्लोरीन फार जास्त झालं की ते डीपीडीचा गुलाबी रंगच उडवून टाकतं. कुपी पांढरीफटक दिसते आणि बिचारं मीटर इमानदारीत शून्याजवळचा आकडा सांगतं. एक भाग नमुना आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर असं पातळ करून तपासलं, तर १.४० आलं. म्हणजे मूळ पाण्यात १४ मिलिग्रॅम, जेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ आहे. टाकी पुन्हा रिकामी करावी लागली, पण ते पाणी घरात गेलं नाही. ही सूचना माहितीपत्रकात आहे, नाही असं नाही. शेवटून दुसऱ्या पानावर, बॅटरीच्या विल्हेवाटीच्या वर. खरं तर ती झाकणावर छापायला हवी. कापलेले दोन तारे मी परत दिले. तरीही सांगतो, पुडी टाकल्यावर पडद्याकडे नको, कुपीकडे बघा.

कुपी कमी पडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते कंपनीला चांगलंच माहीत असणार. मुक्त क्लोरीन आणि एकूण क्लोरीन (मुक्त अधिक संयुक्त, म्हणजे अमोनियाशी बांधलं गेलेलं) यांच्या पुड्या वेगळ्या. एकूणच्या पुडीत पोटॅशियम आयोडाइड असतं. त्याचा अंश कुपीत राहिला आणि त्याच कुपीत पुढचा मुक्तचा नमुना घेतला, तर संयुक्त क्लोरीनही मुक्त म्हणून मोजलं जातं. म्हणून एक कुपी कायमची मुक्तसाठी, एक एकूणसाठी, आणि दोन्हींची अदलाबदल नाही. आमची मुक्तची कुपी बिघडली तेव्हा एकूणची वापरू या, असा काटकसरी प्रस्ताव आलाच. मी नाही म्हटलं. मुक्तचा आकडाही मिनिटाच्या आत वाचा. उशीर केला तर संयुक्त क्लोरीन हळूहळू रंग चढवत राहतं आणि उगाच समाधान देतं.

आता जे हे मीटर करत नाही. ते जंतू दाखवत नाही. शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा, ही अट क्लोरीनच्या आकड्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी आम्ही एच-टू-एसच्या (हायड्रोजन सल्फाइडवरून जंतूंचा अंदाज देणाऱ्या) बाटल्या ठेवतो. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी: पाणी भरायचं, उबेला ठेवायचं, काळं झालं की शंका. स्वस्त आणि सोपी, पण जमिनीतून मुळातच सल्फाइड घेऊन येणाऱ्या पाण्यात ती खोटी घाबरवते. पक्क्या निकालाला प्रयोगशाळाच हवी, आणि तिथे पाठवायच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आहे ना हे बघून घ्या. नसेल तर क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतं आणि अहवाल खोटाच सुरेख येतो. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, तेही तिथलंच काम.

आणि कृपा करून टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) पेन घेऊन कोणी माझ्याशी वाद घालू नका. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक संख्येने गुणतो. आर्सेनिक त्याला दिसत नाही, ई. कोलाय तर नाहीच.

गढूळपणा मात्र क्लोरीनच्या बरोबरीने बघायलाच हवा. पाणी १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायच्या एककाच्या) वर गेलं की क्लोरीनचं काम अवघड होतं, कारण जंतू कणांच्या आडोशाला बसतात. आमच्याकडची गढूळपणाची नळी ५ च्या खाली काही सांगू शकत नाही, त्यामुळे पुढची खरेदी गढूळपणा मोजायचं मीटर. पीएचही पाहा. साडेसातच्या आसपास अर्धं क्लोरीन जंतू झपाट्याने मारणाऱ्या जोरकस रूपात असतं, उरलेलं दुबळ्या रूपात. साडेआठला ते दहाव्या हिश्श्यावर येतं. मीटर दोन्ही रूपं एकत्र मोजतं, म्हणून आकडा तोच दिसतो.

बॅटरी भरपूर चालते. आवरण दणकट आहे, ओल्या ओट्यावरून पडूनही काही झालं नाही. पुड्या मात्र ओल्या बोटांनी फाटत नाहीत, छोटी कात्री पेटीत ठेवा. सोबत मिळणाऱ्या, आकडा आधीच ठरलेल्या सीलबंद तपासणी-कुप्या ठरलेल्या वेळी लावून पाहाव्यात. आमच्या दिलेल्या मर्यादेत येतात.

घ्यायचं का? बहुतेक छोट्या योजनांना हो. मात्र तुमच्या लाइनमध्ये काळपट थर धरत असेल, पाण्यात मँगनीज असेल, तर आधी थांबा. ऑक्सिडीकरण झालेलं मँगनीज डीपीडीला क्लोरीनसारखंच गुलाबी करतं, मग टोकाच्या नळाशी काहीही उरलेलं नसताना मीटर ०.२ दाखवू शकतं. तिथे सोडियम आर्सेनाइट वापरून मँगनीजचा हिस्सा वेगळा काढायची पद्धत आहे, पण ते विषारी रसायन आहे आणि समितीच्या हौशी लोकांनी हाताळायचं काम नाही. असं पाणी असेल तर आधी प्रयोगशाळेतून मँगनीज तपासून घ्या, मीटर नंतर.