चौदा महिने वापरलेली एअरगन आणि जुलैतला तो आवाज

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर कोर्टाच्या कामासाठी बेळगावला गेलो होतो, तेव्हा स्प्रिंगची एअरगन घेऊन आलो. नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून भरायची, छर्रा .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरचा. ताकद २० ज्यूलच्या आत, त्यामुळे परवान्याची भानगड नाही. दुकानदाराने आधारची झेरॉक्स तेवढी ठेवून घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक माझी आहे.

हट्ट थोरल्या पोरीचा. २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि तो आमच्या पलीकडच्याच राधानगरी तालुक्यातला निघाला, मग काय! त्याचा प्रकार ५० मीटरचा, रायफलही वेगळी, हे सांगून काही उपयोग झाला नाही. निपाणीत आमची जुनी तंबाखूची वखार रिकामी पडलीय. दहा मीटर लांबी आरामात मिळते, मागे जांभ्याची जाड भिंत, तिच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेलं खोकं. शेजारचे अण्णा दोनदा येऊन विचारून गेले, "पारवं लई झाल्यात, दोन-चार पाडून देता काय?" नाही देत. ही कागदावर नेम मारायला घेतलीय.

पहिल्या दोनशे-तीनशे छर्र्यांत धूर यायचा आणि आवाज मोठा व्हायचा. आतलं जास्तीचं तेल जळतं, पुढे आपोआप बंद होतं. हौसेने नळीमागच्या भोकात तेल सोडू नका, दट्ट्याचं सील त्यानेच जातं. चाप जड आहे, अजूनही जडच आहे. आणि स्प्रिंगची बंदूक आवळून धरली की रुसते. डाव्या तळहातावर नुसती ठेवायची, तिला हवी तशी उडी मारू द्यायची. हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. त्यानंतर मात्र टेकू देऊन मारलेले पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकायला लागले.

आता जुलै. पाऊस धो धो, खांद्याला कव्हर अडकवून मी वखारीत शिरत होतो. कव्हरच्या पट्ट्याची कडी सुटली. बंदूक दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडाच्या बाजूने दगडी उंबऱ्यावर आदळली, मग आडवी होऊन नळीचं तोंड चौकटीला लागलं. तो आवाज अजून कानात आहे. थोरली माझ्याकडे बघत उभी, एक शब्द नाही.

नशिबाने बंदूक मोकळी होती, स्प्रिंग ताणलेली नव्हती. तुमची ताणलेल्या अवस्थेत पडली तर उचलताना तोंड भिंतीकडेच ठेवा आणि नळी मोडून बघताना ती एका हाताने घट्ट धरून ठेवा. आतली अडक धक्क्याने सैल झाली असेल तर नळी फटकन वर येते, मधे बोट असेल तर बोट जातं.

वरून बघितलं, ओरखडा सोडून काही दिसेना. मग मी जो गाढवपणा केला तो असा: लगेच पाच छर्रे मारले, ते दीड इंच डावीकडे गेले, म्हणून मागच्या साइटचा (नेम धरायच्या खाचेचा) स्क्रू फिरवून मधे आणले. खूश. दुसऱ्या दिवशी उजवीकडे. परत फिरवला. असे दोन आठवडे गेले. छर्रे कुठे लागतात एवढंच मी बघत होतो, ते किती विखुरलेत हे बघतच नव्हतो. रुपयाखाली मावणारा पाच छर्र्यांचा ग्रुप चहाच्या कपाच्या तोंडाएवढा झाला होता. नुसती साइट वाकली असती तर पाचही छर्रे सरकले असते, पण एकत्र सरकले असते. पसरले म्हणजे दुखणं दुसरीकडे.

एका रविवारी शांतपणे बसलो. नळीच्या तोंडाच्या कडेवरून कान साफ करायची कापसाची काडी गोल फिरवली. बारीक कंगोरा आला असेल तर धागा अडकतो. एकही अडकला नाही. नळी मोडून मागच्या बाजूने ट्यूबलाइटकडे बघितलं, आतली प्रकाशाची वर्तुळं एकात एक नीट होती, म्हणजे वाकलेली नाही. मोडायच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा मारला; पट्टी हलली नाही, सील ठीक. नळी डावी-उजवीकडे हलवून पाहिली, खेळ नाही. एवढं सगळं बरोबर निघालं की माणूस आणखी चिडतो.

शेवटी दस्त्याचे स्क्रू. उजवा पुढचा घट्ट, चापाजवळचा घट्ट. डावा पुढचा फिरतोय, फिरतोय, बसतच नाही. ओल्या फडक्याने लाकूड पुसलं. सगळं सुकलं तरी त्या स्क्रूच्या मागे बोटाच्या पेराएवढी एक काळी रेघ ओली राहिली. केसाएवढी चीर. दस्ता उंबऱ्यावर थांबला, पण वरचं जड लोखंड मागे सरकलं आणि स्क्रूने लाकूड फाडलं, असा माझा हिशोब.

सुतारमामा दस्त्याला कुंदा म्हणतात, आणि बेळगावचा कुंदा (तो खायचा, गोड) आणला तरच करतो म्हणाले. आणला. त्यांनी चीर किंचित उघडून आत अराल्डाइट सोडलं, शिकंज्यात धरून एक दिवस ठेवलं आणि स्क्रूखाली रुंद वायसर घातला. आधी बंदूक उलटसुलट बघून कानडीत काहीतरी पुटपुटले, ते बहुतेक माझ्याबद्दल होतं.

साइट मूळ जागी आणायची तर मूळ जागा कुठली? मोबाइलमध्ये थोरलीचा मे महिन्यातला फोटो सापडला. तो मोठा करून मागच्या साइटवरच्या रेघा मोजल्या आणि तिथे आणून ठेवली. पहिले पाच छर्रे काळ्या वर्तुळात, परत रुपयाखाली. मग भरलेली बंदूक खोक्याकडे धरून, सेफ्टी काढून, चापाला बोट न लावता दस्त्यावर तळहाताने चार थापा मारल्या. आपोआप सुटली नाही. त्यानंतरच ती पोरीच्या हातात दिली.

बाकी तक्रारी किरकोळ. ऑगस्टमध्ये घामट हात लागलेल्या जागी नळीवर गंज आला. आता ठेवताना तेलाचं बोट फिरवतो. दुरुस्तीनंतरच्या पाच-सहा महिन्यांत स्प्रिंगने कुरकुर केलेली नाही. पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा चापासाठी कापला, एक कव्हरच्या कडीसाठी. ते कव्हर आता छत्र्या ठेवायला आहे.

तिन्ही स्क्रूंच्या डोक्यावरून शेजारच्या लाकडापर्यंत थोरलीने नेलपॉलिशची एकेक रेघ ओढलीय. स्क्रू जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. डावी आतापर्यंत एकदाच तुटली, डिसेंबरच्या कोरड्या थंडीत.