विदेशात गेल्यावर इथली आरोग्य पॉलिसी: मध्येच रद्द करावी की मुदत संपू द्यावी?

दुबईत किंवा जर्मनीत नोकरीबरोबर तिथला विमा सुरू झाला, की इथला हप्ता डोळ्यांवर येतो. इथल्या पॉलिसीत परदेशातले उपचार सहसा बसत नाहीत, त्यामुळं ती बंद करणं रास्तच. पण कशी?

पैशाच्या हिशेबात मध्येच रद्द करणं सरस दिसतं. 2024 च्या नियमांनुसार सात दिवसांची लेखी सूचना दिली, की वर्षाच्या पॉलिसीत उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मिळतो. हप्ता 18,000 आणि पाच महिने सरलेले असतील तर साधारण 10,500 रुपये. अट एवढीच, की त्या वर्षात क्लेम झालेला नसावा. कॅशलेस उपचार घेतला असेल, तर तोही क्लेमच.

घोडं अडतं ते पैसे परत येताना. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यात खाते क्रमांक बदलला, तर कंपनीकडं जुनाच राहतो आणि एनईएफटी परत फिरते. मग नाव छापलेला रद्द चेक मागतात, प्रस्ताव फॉर्मवरच्या सहीशी जुळणारी सही मागतात, आणि ओटीपी जातो रिचार्जविना बंद पडलेल्या लातूरच्या सिमवर. दहा हजारांसाठी हे तिकडून निस्तरणं मला तरी परवडण्यासारखं वाटत नाही.

म्हणून माझा कल मुदत संपू देण्याकडं. दिवाळीला गावाकडं आलात आणि गाडीवरून पडलात, तर पॉलिसी कामाला येते. नोकरी फसली, तर मुदतीनंतरच्या 30 दिवसांत हप्ता भरून प्रतीक्षा काळाची, म्हणजे ठरावीक आजारांना संरक्षण मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळाची, पुरी झालेली वर्षं वाचवता येतात. मधल्या दिवसांतल्या आजारपणाला मात्र संरक्षण नसतं. रद्द केलेल्या पॉलिसीला ही सोय नाही. काळजी एकच: ऑटो-डेबिट महिनाभर आधी बँक आणि कंपनी, दोन्हीकडं बंद करा. हप्ता कापला गेलाच, तर 30 दिवसांचा फ्री-लुक, म्हणजे नवी पॉलिसी न पटल्यास परत करण्याची मुभा, नूतनीकरणाला लागू होत नाही. पुन्हा रद्द करण्याचाच अर्ज.

अर्थात नूतनीकरण नुकतंच झालं असेल आणि निघायला पंधरा-वीस दिवस असतील, तर रद्द करणंही चुकीचं नाही. संभाजीनगर किंवा नांदेडच्या शाखेत स्वतः अर्ज द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि खातं, सिम चालू असतानाच रक्कम पदरात पाडून घ्या.

फ्लोटरमध्ये, म्हणजे कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीत, आई-वडील असतील, तर या दोन्ही वाटा सोडा. पॉलिसी तुटली, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे 36 महिन्यांपर्यंत, त्यांना नव्यानं मोजावा लागेल. नूतनीकरणाच्या वेळी स्वतःचं नाव कमी करून वडिलांना प्रस्तावक, म्हणजे पॉलिसीधारक, करा. तसं एंडोर्समेंट, म्हणजे बदलाचं कंपनीचं पत्र, हातात येऊन वडिलांच्या खात्यातून हप्ता जाईपर्यंत तुमचं ऑटो-डेबिट तोडू नका.