पोस्टडॉकचे फॉर्म भरायला गिरणेअलीकडचं झेरॉक्सचं दुकान : साडेतीन स्टार

जळगावहून विद्यापीठाकडे जाताना गिरणा नदीचा पूल यायच्या आधी हे दुकान लागतं. नाव टाकत नाही कारण तक्रार पण करायचीय. माझी पीएचडी केमिस्ट्रीतली, याच उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची (उमवि), आणि घरचं नेट म्हणजे काय सांगू भो, म्हणून उन्हाळ्यापासून पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागांचे, सगळे अर्ज इथूनच चाललेत.

पहिल्या दिवशी दुकानवाला भाऊ म्हणे, पोस्टाची भरती का सर? दुकानात पोलीस भरती, तलाठी, शिष्यवृत्ती हेच चालतं ना, त्यामुळे त्याचा हात एकाच गोष्टीला बसलाय, प्रत्येक फाईल दाबून 200 केबीच्या आत आणायची. माझं पीएचडीचं सर्टिफिकेट असं दाबलं की शिक्क्याच्या जागी नुसता निळा डाग. बाहेरच्या विद्यापीठाला असं पाठवलं तर काय इज्जत राहील?

दुसरी गडबड नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. त्याने तसंच उचलून फर्स्ट नेमच्या रकान्यात माझं आडनाव टाकलं आणि लास्ट नेममध्ये वडील. पासपोर्ट वेगळा, रिसर्च पेपरवर छापलेलं नाव वेगळं, फॉर्मवर तिसराच माणूस. मी सबमिटच्या आधी बघितलं म्हणून वाचलो. हा रकाना स्वतः भरा, कोणालाच भरू देऊ नका.

पण स्कॅनिंगला तोड नाही. माझ्या डिग्रीला वडिलांनी हौसेने लॅमिनेशन करून ठेवलेलं, स्कॅनरवर ठेवली की मधोमध पांढरा पट्टा येई. भाऊने ट्यूबलाईट बंद केली, डिग्री दाराजवळ उजेडात तिरपी धरली, मागे बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा लावला आणि मोबाईलवर असा फोटो काढला की कुलगुरूंची सही सुद्धा कोरीव दिसते. त्याचे दहा रुपये फक्त.

सप्टेंबरात मेरी क्युरीचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या पोस्टडॉक फेलोशिपचा, अर्ज होता, डेडलाईन ब्रुसेल्सच्या वेळेने संध्याकाळी 5, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ, आणि आठला तर हा शटर ओढतो. त्या दिवशी थांबला बिचारा, स्वतःहून. त्यातला पार्ट बी 1, म्हणजे मुख्य प्रपोजल, दहाच पानांचा लागतो, माझा बारा झालेला. हा म्हणतो सर दोन पानं जास्त होताय, फॉण्ट नऊ करून देतो ना. अरे फॉण्ट 11 च्या खाली चालत नाही आणि दहाच्या पुढची पानं परीक्षक वाचत नाहीत! शेवटी मीच बसून कापली, तो चहा सांगत राहिला, सव्वाआठला माझी पीडीएफ चढली आणि सबमिट तिकडच्या सुपरवायझरने दाबलं.

देशातच करायचं असेल तर एनपीडीएफ, म्हणजे केंद्र सरकारची नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप, आधी सर्ब (SERB) या संस्थेकडे होती, आता तिच्या जागी आलेली एएनआरएफ (ANRF) बघते, वयाची अट 35 आणि राखीव गट व महिलांना पाच वर्षांची सूट, तो फॉर्म याला चांगला येतो.

बाकी प्रपोजल, सीव्ही, लॅबला मेल टाकणं हे दुकानदाराचं काम नाही, तरी काउंटरवर पाटी आहे, "रिकमेंडेशन लेटर टाईप करून मिळेल". त्याच्या नादी लागू नका, बहुतेक ठिकाणी पोर्टलची लिंक थेट तुमच्या गाईडच्या ऑफिशियल मेलवर जाते आणि पत्र तिथूनच चढतं.

एक स्टार कापला फाईली दाबण्याचा आणि नावाच्या गडबडीचा, वरचा अर्धा पेनड्राईव्हसाठी, व्हायरस घेऊन घरी आलो. रविवारी बंद.