४२ जॉइंटचे पैसे दिले, लाल रंग लागला होता फक्त ५ ला

लिहायला लाज वाटतेय, कारण मी काही नवखा नाही, फॅब्रिकेशनमध्ये १२ वर्षं काढलीत. तरी फसलो.

४२ ब्रॅकेट, सगळे ६ एमएम फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड). टेस्टिंगवाल्याशी ठरलं होतं की ४२ च्या ४२ ची डीपी करायची (लाल पेनेट्रंट लावून पुसायचं, वर डेव्हलपरची पांढरी भुकटी मारायची, चीर असेल तिथं लाल उमटतं), शिवाय त्याच वेल्डरकडून ६ टेस्ट पीस, ३ मशीनवर ओढायचे, ३ दुमडून तोडायचे. ६० टक्के आगाऊ घेतले, उरलेले ४० रिपोर्ट आल्या आल्या. रिपोर्टात सगळं ओके, शिक्का, सही. पुढे लोड चढवताना ७ नंबरचा ब्रॅकेट काडकन सुटला, नशीब खाली कोणी नव्हतं.

तुकडा उचलून बघतो तर वेल्डिंगच्या आधी प्लेटवर मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा! मुळाशी प्लेट वितळलीच नव्हती, वरून नुसतं लिंपलेलं. गेज लावला तर लेग, म्हणजे प्लेटवर टेकलेली वेल्डची बाजू, ४ एमएम. ६ ला थ्रोट (मुळापासून वरपर्यंतची जाडी, ताकद हिच्यावरच) येतो ४.२, ४ ला २.८, म्हणजे तिसरा हिस्सा ताकद तिथंच गेली, आणि मुळाला धरलंच नाही तर राहिलेल्याचाही काय भरवसा.

आता जे झोंबतं ते. डीपी झाली त्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन फिरलो होतो. पेनेट्रंट कितीही पुसा, स्पॅटरच्या (उडून चिकटलेल्या थेंबांच्या) कडेला, कोपऱ्यात लालसर राहतोच, डेव्हलपरची पांढरी भुकटी राहते. ५ जॉइंटना होती. ३७ कोरे. आणि मी गाढव हेल्परला म्हणतोय, बघ, काम कसं स्वच्छ करतात! डोक्यात डिलिव्हरीची तारीख होती हो, दुसरं काही दिसतच नव्हतं.

रिपोर्ट तरी नीट वाचायचा ना. मशीनवर ओढलेल्या तिन्ही पीसचा ब्रेकिंग लोड १४८.६ केएन (किलोन्यूटन), दशांशासकट सारखा. हाताने केलेले तीन वेल्ड असे तुटतात कधी? तोडलेले पीस परत मागा, आधी लिहून घ्या, मी मागितले तेव्हा भंगारात गेले होते. आणि डीपी पास म्हणून निर्धास्त राहू नका, ती फक्त वर उघडलेली चीर दाखवते, मुळातलं नाही, ते तोडून किंवा कापून बघितल्यावर कळतं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा. टेस्टिंगवाल्याला मान्यता देणाऱ्यांनी अर्ज तीनदा बदलायला लावला, मग म्हणे रिपोर्ट तुम्ही सही करून स्वीकारलाय. सही पोच म्हणून केली होती! तुटलेला ब्रॅकेट पिशवीतून नेऊन टेबलावर ठेवला, साहेबांनी हातसुद्धा लावला नाही, म्हणे हा रिपोर्टातलाच कशावरून? नंबर पंच केलेला होता, दाखवला, तर म्हणे पंच कोणीही मारेल. मग तुमच्या शिक्क्याचं काय, तो कोणी मारला? यावर चहा आला.

उरलेले ४१ आता स्वखर्चाने खरवडतोय. काल ११ नंबर उघडला, आत परत त्याच रेघा.