दोन आठवड्यांचे शिबिर की सहा महिन्यांची नेमणूक? सिएरा लिओनला निघण्यापूर्वी

अंबाजोगाई, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शिकून बाहेर पडलेल्या ज्या डॉक्टर-परिचारिकांना पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये सेवा करावी असे मनापासून वाटते, त्यांच्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक म्हणजे शस्त्रक्रिया-पथकाबरोबरचे दोन आठवड्यांचे शिबिर आणि दुसरी म्हणजे तेथील एखाद्या रुग्णालयातली सहा महिन्यांची नेमणूक.

पूर्वतयारी दोन्हींसाठी जवळजवळ सारखीच आहे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र सिएरा लिओनमध्ये प्रवेशासाठी लागतेच, शिवाय ते जवळ नसेल तर परतल्यावर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी डॉक्सीसायक्लिन निवडले, तर ते परतल्यानंतरही 4 आठवडे रोज घ्यावे लागते. म्हणजे शिबिर दोन आठवड्यांचे असले तरी गोळ्या सहा आठवड्यांच्या होतात, हे शिबिरार्थी हमखास विसरतात.

खरा फरक उतरल्यानंतर सुरू होतो. लुंगी या गावातला विमानतळ खाडीच्या एका तीरावर आणि राजधानी फ्रीटाऊन दुसऱ्या तीरावर असल्यामुळे बहुतेक प्रवासी बोटीने शहरात जातात. मराठवाड्यातला माणूस मे महिन्यातले 42 अंश सोसलेला असतो, त्यामुळे तिथला 30 अंशांचा पारा त्याला किरकोळ वाटतो. परंतु आपला उन्हाळा कोरडा असतो आणि त्या दमट हवेत घाम वाळतच नाही. शरीर अशा हवेला रुळायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. शिबिराला गेलेला डॉक्टर नेमका तेव्हाच परतीच्या बोटीत बसतो, तर सहा महिन्यांसाठी गेलेल्याचे काम तेव्हा कुठे सुरळीत सुरू होते.

भाषेचेही तसेच आहे. इंग्रजी राजभाषा असली तरी लोकांचे रोजचे बोलणे क्रिओ या इंग्रजीपासून घडलेल्या बोलीत चालते. पूर्वेकडच्या केनेमा शहराकडे मेंडे आणि उत्तरेत टेम्ने भाषा ऐकू येते. ‘हाउ दि बॉडी?’ ही क्रिओतली कुशल विचारण्याची रीत पहिल्याच दिवशी जमते, पण ताप कधीपासून आहे आणि घरात आणखी कोण आजारी आहे, हे दुभाष्याशिवाय विचारता येण्यास काही महिने जातात. त्या भागात हा प्रश्न जीवनमरणाचा आहे, कारण हिवतापासारखाच सुरू होणारा लासा ताप तिथे उंदरांच्या मलमूत्रातून पसरतो आणि रुग्णाच्या रक्तातून व शरीरद्रवांतून त्याची बाधा शुश्रूषा करणाऱ्यांनाही होते.

म्हणून फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ आणि परिचारिका यांनी सहा महिन्यांचीच वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रजा, कर्जाचे हप्ते आणि घरातली म्हातारी माणसे यांचा हिशेब कठीण असतो हे मान्य आहे. तो जमत नसेल तर दोन वर्षे थांबावे. शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्यासाठी मात्र दोन आठवडेही सार्थकी लागतात, कारण हर्नियाची शस्त्रक्रिया एका बैठकीत पुरी होते. अट एकच आहे: पथक निघून गेल्यावर टाके कोण काढणार आणि जखम चिघळली तर कोण पाहणार, याचे उत्तर संयोजकांकडे असले पाहिजे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर बाहेरून आलेली पथके आपण पाहिली आहेत. ती परतल्यावर मोडलेल्या हाडांची पुढची देखभाल इथल्याच दवाखान्यांवर आली, हे इथल्या जुन्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

ऋतूचा विचार थोडक्यात असा: मे ते ऑक्टोबर मुसळधार पाऊस असतो आणि आतले रस्ते बिकट होतात, म्हणून शिबिर नोव्हेंबर ते एप्रिल या काळातलेच निवडावे.

कोणत्याही वाटेने गेलात तरी परतल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत ताप आला, तर डेंग्यू समजून घरी पडून राहू नये. दवाखान्यात पाऊल ठेवण्याआधी फोन करून आपण कोणत्या देशातून आलो ते सांगावे. हिवताप तर त्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो, तेव्हाही प्रवासाचा उल्लेख आधी करावा.